जुना होम कॉम्प्युटर घेण्याआधी कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं

माझा पहिला स्पेक्ट्रम, म्हणजे १९८० च्या दशकातला एक होम कॉम्प्युटर, घरी आला आणि दहा मिनिटांत जळाला. खोकं फोडलं, मागचं भोक पाहिलं. घरातल्या वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर त्यात अगदी मापाचा बसला, मग बटण दाबलं. टीव्हीवर काहीच आलं नाही, नुसता तापलेल्या प्लास्टिकचा वास सुटला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय जळतंय?" मी म्हटलं, "काही नाही."

त्याआधी महिनाभर मी चौकशी केली होती. किंमत बरोबर आहे का, दुर्मीळ आहे का, गेम कोणते चालतील, हे पाच जणांना विचारून झालं होतं. अडॅप्टरचं मात्र एकालाही विचारलं नव्हतं. सल्ला भरपूर मिळाला, पण मी नको ते विचारत होतो.

१९८० च्या दशकातला होम कॉम्प्युटर हौसेखातर घ्यायचा विचार असेल, आणि तुम्ही जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव अशा ठिकाणी राहत असाल, तर हे तुमच्यासाठी. पुण्या-मुंबईत यातले जाणकार शोधले तर भेटतात, आपल्याकडे ते फोनवरच भेटतात. म्हणून आपल्याला प्रश्न नीट विचारता यायला हवा.

१. आधी पंधरा दिवस लॅपटॉपवर

पैसे काढण्याआधी एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालवून बघा. स्पेक्ट्रमसाठी 'फ्यूज', कमोडोर ६४ साठी 'व्हाइस'. दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसा. गेम खेळा, बेसिक या त्या काळच्या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा.

चार दिवसांत कंटाळा आला तर तुमचे काही हजार वाचले. काही जणांना नुसत्या आठवणी हव्या असतात. त्यांच्यासाठी जुन्या यंत्रासारखीच दिसणारी नवी यंत्रंही निघाली आहेत. कमोडोरचं छोटं रूप २०१८ मध्ये आलं, स्पेक्ट्रमचं मूळ मापाचं रूप २०२४ मध्ये. आत आधुनिक चिप, मागे एचडीएमआय. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला जुनं यंत्र म्हणू नका.

२. कोणतं यंत्र, हे दोन वाक्यांत ठरत नाही

आपल्याकडे बोलण्यात तीनच नावं येतात.

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये आला. झेड८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, १६ किंवा ४८ के (किलोबाइट) मेमरी आणि ती प्रसिद्ध रबरी बटणं. १९८४ मध्ये कडक प्लास्टिकच्या बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला. आतला बोर्ड तोच ४८ के चा, शिवाय एक रिसेटचं बटण जास्तीचं. हाच प्लस 'डेसिबेल्स' या कंपनीनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं भारतात विकला. त्यामुळे आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर काही सापडलंच, तर ते हे असण्याची शक्यता जास्त. माझ्या मोठ्या मामांकडे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये हाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पडदे ओढून आम्ही टेपरेकॉर्डरची किरकिर ऐकत बसायचो, पाच मिनिटांनी गेम यायचा, तेवढ्यात लाइट जायची.

कमोडोर ६४ पण १९८२ चाच. ६४ के मेमरी, आणि आवाजाची 'सिड' चिप अशी की लोक आजही निव्वळ तिच्यासाठी हे यंत्र घेतात. भारतात ते तुरळक आहे. सापडलं तरी बऱ्याचदा परदेशातून कुणीतरी सोबत आणलेलं.

तिसरा बीबीसी मायक्रो. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात हीच यंत्रं शाळांना दिली. म्हणून एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत ते दिसू शकतं. त्याचा वेगळा फास आहे, तो पुढे सांगतो.

पहिलंच यंत्र असेल तर माझं मत स्पेक्ट्रम प्लसला. आत चिपा कमी, सुटे भाग मिळतात आणि बिघाड ओळखीचे असतात. कमोडोरप्रेमी माझ्याशी भांडतील, भांडू देत.

३. कुणाला विचारायचं

जळगावला गोलाणी मार्केटात जाऊन "स्पेक्ट्रमबद्दल माहिती आहे का?" असं मी एका दुकानात विचारलं होतं. मुलानं मला मोबाईलचं मॉडेल समजून कव्हर दाखवलं. त्याची चूक नाही, त्याचा जन्म २००० नंतरचा.

तीन प्रकारच्या माणसांना विचारा आणि प्रत्येकाला त्याच्याच विषयाचं विचारा.

ज्यानं त्या काळी ते वापरलं तो काका-मामा. त्याला विचारायचं की चालवायला कसं होतं, काय सतत बिघडायचं. किंमत त्याला विचारू नका. तो १९८७ चे आकडे सांगतो किंवा "भंगारात दिलं असतं मी" म्हणतो.

संग्राहक. त्याला यंत्राचं सगळं माहीत असतं. पण त्याला वाटतं की तुम्हीही त्याच्यासारखेच आहात. तुम्ही सहा हजारांचं बजेट सांगाल आणि तो खोक्यासकट, माहितीपुस्तकासकट, थर्माकोलसकट यंत्र सुचवेल. त्याचं ऐका, पण घाई करू नका.

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, जुना टीव्ही-रेडिओ मेकॅनिक. ज्याच्या दुकानात अजून पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडा पडलेला असतो. भुसावळला मला असे एक आबा भेटले. त्यांनी आयुष्यात होम कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पण माझा जळका बोर्ड हातात घेऊन त्यांनी पाच मिनिटं नुसता वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, याला उलटा करंट दिला तुम्ही." मला जो प्रश्न महिनाभर सुचला नाही, त्याचं उत्तर त्यांच्या नाकात होतं. अशा माणसाशी यंत्र घेण्याआधी ओळख काढा, नंतर नाही. चहा पाजा. "असं असं यंत्र आणतोय, बिघडलं तर हात लावाल का?" एवढंच विचारा. ते नाही म्हणाले तर तुमचं बजेट बदलतं, कारण मग दुरुस्तीला बोर्ड पुण्याला पाठवावा लागेल.

४. प्रश्न कसा लिहायचा

"कोणता कॉम्प्युटर चांगला?" हा प्रश्न म्हणजे सराफ बाजारात जाऊन "कोणता दागिना चांगला?" विचारणं. समोरचा त्याच्या मनातलं सांगणार. मी जाणकारांना पाठवलेला पहिला मेसेज असा होता: "सर, जुना कॉम्प्युटर घ्यायचाय, गाइड करा." तिघांपैकी एकानं अंगठा पाठवला, दोघांनी काहीच नाही.

दुसऱ्या वेळी असं लिहिलं:

"नमस्कार. स्पेक्ट्रम प्लस घ्यायचा विचार आहे. बजेट यंत्र आणि दुरुस्ती मिळून दहा हजार. बेसिक शिकायचंय आणि मुलाला दाखवायचंय, संग्रह करायचा नाही. घरी एलईडी टीव्ही आहे, मागे पिवळी-पांढरी-लाल पिन आहे. सोल्डरिंग मला येत नाही, पण गावात मेकॅनिक आहेत. एक यंत्र पाहिलंय, चार फोटो जोडले आहेत. विकणारा म्हणतो की चालू होतं, पण अडॅप्टर नाही. मी त्याला आणखी काय तपासायला सांगू?"

तासाभरात फोन आला आणि चाळीस मिनिटं बोलणं झालं. तुमचं बजेट, हेतू, टीव्ही, हातातलं कौशल्य आणि एक नेमका प्रश्न, एवढं असलं की जाणकार माणूस खुलतो. बजेट लपवू नका. इथं कुणी तुम्हाला काही विकायला बसलेलं नाही.

५. विकणाऱ्याकडून काय काढून घ्यायचं

फोटो मागवताना यंत्राशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. दुसऱ्याचे फोटो उचलून टाकणारे खूप आहेत.

चालू यंत्र म्हणत असेल तर व्हिडिओ मागा. स्पेक्ट्रम चालू केल्यावर पांढऱ्या स्क्रीनच्या तळाशी १९८२ आणि सिंक्लेअर रिसर्चचं नाव असलेली ओळ दिसायला हवी. त्यावर एक परीक्षा घ्या. त्याला बेसिकमध्ये हे टाकायला सांगा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. स्पेक्ट्रमवर शब्द अक्षर-अक्षर टाइप होत नाहीत. 'पी' दाबलं की अख्खा प्रिंट उमटतो, आणि पीक एक्स्टेंड मोडमध्ये (त्यात बटणांना दुसरे शब्द मिळतात) 'ओ' वर आहे. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के मेमरी यंत्राला दिसतेय. ३२७६७ आलं तर यंत्र १६ के चं आहे किंवा वरच्या ३२ के मध्ये घोळ आहे. एका ओळीत काही बटणं आणि मेमरी दोन्ही तपासून होतात. (गंमत म्हणजे त्या वरच्या ३२ के साठी सिंक्लेअरनं अर्ध्या खराब निघालेल्या ६४ के च्या चिपा वापरल्या होत्या. चांगला अर्धा भाग तेवढा जोडायचा. असा काटकसरीपणा आपल्या माणसाला लगेच समजतो.)

जाहिरातीतली भाषा ओळखायला शिका. "टेस्ट केलेलं नाही" म्हणजे टेस्ट केलंय आणि चालत नाही. "पॉवर येते" म्हणजे स्क्रीन येत नाही. "रेअर" म्हणजे किंमत दुप्पट.

एक गोष्ट मात्र मागू नका. विकणारा यातला नसेल तर त्याला यंत्र उघडून आतले फोटो पाठवायला सांगू नका. स्पेक्ट्रमची बटणं ज्या पातळ प्लास्टिकच्या मेम्ब्रेनवर बसतात, तिच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या कडक झालेल्या असतात. वरचं झाकण झटक्यात उचललं की पट्टी तडकते आणि अर्धी बटणं मुकी होतात. नवी मेम्ब्रेन मिळते, पण तो खर्च तुमचा.

६. वीज: इथेच बहुतेकांचं नुकसान होतं

हा भाग घाईत वाचू नका.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधे मायनस, बाहेर प्लस. आपल्या घरातले राउटर, सेट-टॉप बॉक्स यांचे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे असतात, मधे प्लस. पिनचं माप तेच असतं, म्हणून ती आरामात बसते. माझं तेच झालं. अडॅप्टरवर एक छोटं चित्र छापलेलं असतं, मधे टिंब, बाहेर अर्धगोल आणि दोन्ही बाजूंना प्लस-मायनसच्या खुणा. ते भिंग घेऊन वाचा. आणि छापलेल्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. लाल प्रोब पिनच्या भोकात, काळा बाहेरून. आकड्याआधी मायनसची खूण दिसली तरच तो अडॅप्टर स्पेक्ट्रमचा.

जुना मूळ अडॅप्टर असेल तर मीटरवर ९ ऐवजी १२-१३ दिसेल. घाबरू नका. तो साधा ट्रान्सफॉर्मरवाला आहे, भार पडला की खाली येतो. नवा घ्यायचा असेल तर गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्टचे आणि मधे मायनस असेच असतात. फक्त ते बऱ्याचदा अर्ध्या अँपिअरचे असतात. आपल्याला दीड-दोन अँपिअरचा हवा.

उलटा करंट गेल्यावर काय झालं, तेही सांगतो. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के साठी ४११६ नावाच्या आठ चिपा असतात. त्यांना अधिक ५, उणे ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज लागतात. ते तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर४ हा ट्रान्झिस्टर जळाला की व्होल्टेज बिघडतात आणि मागोमाग चिपा जातात. आबांनी ट्रान्झिस्टर बदलला, व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बदलला, मग एकेका चिपेवर बोट ठेवत गेले. दोन चिपा चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. त्या काढून सॉकेट बसवले. दोन आठवडे आणि चार खेपा लागल्या. शेवटच्या खेपेला दुकानात बसलेले शिरपूरकडचे एक आजोबा मला म्हणाले, "कितलामा लिधं हाई?" मी दुरुस्ती धरून आकडा सांगितला. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

कमोडोर ६४ चा धोका वेगळा. त्याचा मूळ अडॅप्टर विटेसारखा जड असतो, आत रसायन ओतून बंद केलेला. म्हातारपणी त्याचा ५ व्होल्टचा भाग बिघडतो आणि व्होल्टेज वर चढतो. अडॅप्टर वरून ठणठणीत दिसतो आणि आतल्या मेमरी चिपा मरतात. मूळ वीट शोभेला ठेवा, यंत्राला नवा अडॅप्टर घ्या.

बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय आतच असतो. त्यात फिल्टरचे कागदी कपॅसिटर आहेत, त्यांच्या पारदर्शक कवचाला तडे जातात. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र लावलं की काही मिनिटांत खोलीभर धूर. लावण्याआधी ते मेकॅनिककडून बदलून घ्या, काम स्वस्त आहे. या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट खेळतो, स्वतः हात घालू नका.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पंख्याखालीही खोली ३८-४० अंश असते. स्पेक्ट्रमचा रेग्युलेटर स्वतःच भरपूर तापतो. एप्रिल-मेमध्ये मी यंत्र रात्री नऊनंतरच लावतो, तेही तासभर. लाइट गेली की आधी पिन काढतो, कारण परत येताना व्होल्टेजचा काही भरवसा नसतो.

७. टीव्ही

जुनी यंत्रं अँटेनाच्या भोकातून चित्र देतात. स्पेक्ट्रमचं चित्र यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर मिळतं. टीव्हीला अॅनालॉग ट्यूनर असेल तर शोधून लावता येतं. नसेल, किंवा चित्रात मुंग्या दिसत असतील, तर मेकॅनिककडून कंपोझिट जोडणी करून घ्या. चित्र अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा मॉड्युलेटर बाजूला करून सिग्नल थेट पिवळ्या पिनला. अर्ध्या तासाचं काम आहे.

अमेरिकेतून आलेलं यंत्र टाळा. तिकडची टीव्ही-चित्राची पद्धत एनटीएससी, वीज १२० व्होल्टची. इंग्लंडचं पाल पद्धतीचं यंत्र आपल्या टीव्हीवर चालतं. फक्त अँटेनातून जोडलेल्या इंग्लिश कमोडोरचं चित्र येतं आणि आवाज येत नाही, असं होऊ शकतं, कारण तिकडे आवाजाची वारंवारिता वेगळी. स्पेक्ट्रमला ही अडचण नाही. त्याचा भोंगा पोटातच आहे.

८. व्यवहार आणि कागद

शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठा, यंत्र चालू पाहा, पैसे द्या, दुसऱ्या दिवशी घरी. तिकिटाचा खर्च कुरिअरमध्ये फुटलेल्या यंत्रापेक्षा कमीच पडतो.

कुरिअरनंच येणार असेल तर आगाऊ रक्कम थोडी द्या आणि साध्या कागदावर का होईना, पावती मागा: मॉडेल, सिरियल नंबर, चालू की बंद, किंमत, सही. "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. स्कॅन पैसे द्यायला करतात, घ्यायला नाही.

परदेशातून मागवायचं असेल तर ऑर्डरआधी कुरिअर कंपनीला लेखी विचारा, कारण जुन्या मालाच्या आयातीचे नियम नव्यापेक्षा कडक आहेत. केवायसीसाठी आधार आणि पॅन तयार ठेवा. ड्यूटी नुसत्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागते.

शाळेतलं यंत्र असेल तर तो फास हा. अनुदानित किंवा सरकारी शाळेतली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली असते. शिपाई किंवा एखादे गुरुजी प्रेमानं "घेऊन जा हो, पडलंय नुसतं" म्हणाले तरी उचलू नका. रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी, होऊन विक्रीची पावती मिळाली तरच घ्या. वेळ लागतो. नाहीतर पुढच्या तपासणीत त्या गुरुजींच्या गळ्याशी येतं.

९. यंत्र घरी आल्यावर

आधी हे जमवून ठेवा: मल्टिमीटर, तपासलेला अडॅप्टर, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, संपर्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर, आणि जमलं तर मोनो टेपरेकॉर्डर.

वायर यंत्राच्या 'ईअर' भोकात लावा, 'माइक' मध्ये नाही. 'जे' दाबलं की लोड उमटतं, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर. टेप सुरू करा. कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावले म्हणजे येतंय. पट्टे येऊन मधेच थांबलं तर आवाज कमी-जास्त करा. तरी नाही जमलं तर टेपच्या हेडचा छोटा स्क्रू पाव वळसा फिरवून आवाज सगळ्यात टोकदार ऐकू येईल तिथं ठेवा. टेप नसेल तर मोबाईलवरून ऑडिओ फाइल वाजवा. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपची टिंग मधे शिरली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्याच दिवशी अडॅप्टरवर कापडी चिकटपट्टी लावून मार्करनं 'स्पेक्ट्रम, मधे मायनस' असं लिहा. राउटरच्या अडॅप्टरवरही पट्टी लावा. आमच्याकडे त्यावर मुलानं लिहिलंय: 'बाबांनी हात लावू नये'.